चहाचे खोरे आणि पाहुण्याचा धर्म

प्रवासवर्णनांचे वाङ्मय आपल्याकडे आता पुष्कळ झाले आहे. परंतु प्रवाशाचा इतिहास लिहिण्याकडे मात्र अद्याप कोणी फारसे वळलेले दिसत नाही. एखाद्या प्रदेशात कोण आले, त्यांनी काय पाहिले आणि घरी परतल्यावर काय लिहिले, एवढ्याची नोंद ग्रंथांतून सापडते. त्या माणसाच्या येण्याने त्या प्रदेशाचे काय झाले, ही गोष्ट त्याच्या ग्रंथात बहुधा नसते. ती शेताच्या बांधावर, पाण्याच्या पाटावर आणि महसुली दप्तरात शोधावी लागते. आजकाल ‘जबाबदार प्रवासी’ असा एक शब्दप्रयोग रूढ होऊ पाहत आहे. त्याचा अर्थ सामान्यतः एवढाच घेतला जातो की, कचरा इतस्ततः टाकू नये व गोंगाट करू नये. हे नियम चांगलेच आहेत. पण जबाबदारी या शब्दाचा अर्थ याहून बराच खोल आहे, आणि तो समजण्यास इतिहासाचा आधार घेणे इष्ट होय. त्यासाठी हिमाचल प्रदेशातील कांगड्याचे खोरे हे एक उत्तम उदाहरण आहे. तेथील लहानशी, शांत, चहा पिकविणारी गावे पाहावयास आपल्यापैकी अनेकजण जातात व यापुढे अधिकाधिक जातील. तेथे पाऊल टाकण्यापूर्वी तेथे पूर्वी आलेल्या पाहुण्यांची हकीकत आपणांस ठाऊक असावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. कांगड्याच्या उत्तरेस धौलाधार पर्वताची भिंत एकदम उभी राहिलेली आहे. मध्ये डोंगरांच्या उतरत्या पायऱ्या नाहीत. चार हजार फुटांवरील भातखाचरांतून मान वर केली की थेट बर्फच दिसते. या भिंतीवर पावसाळी ढग अडतात, आणि पालमपूरच्या परिसरात वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. बानेर, न्यूगल, आवा, बिनवा अशा अनेक नद्या, ज्यांना तेथील लोक ‘खड्ड’ म्हणतात, धौलाधारच्या कुशीतून उसळत निघतात व दक्षिणेस जाऊन बियास नदीस मिळतात. त्यांच्या पात्रांत हत्तीएवढे गुळगुळीत धोंडे पडलेले असतात. उन्हाळ्यात त्यांच्यामधून पाण्याची एक धार वाहते, आणि श्रावणात तेच पाणी धोंड्यांना लोटीत नेते. या नद्यांच्या मधल्या उंचवट्यांवर गावे वसलेली आहेत. मातीच्या भिंती, पाटीच्या दगडाची छपरे, अंगणात एखादे फळझाड, खाली भाताची खाचरे, आणि वरच्या ज्या उतारावर पाट पोहोचत नाही तेथे चहाची झुडपे, अशी त्यांची सर्वसाधारण रचना आहे.

ही रचना पाहून प्रवाशास वाटते की, निसर्गानेच हे सर्व असे मांडून ठेवले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. चहा येथे अवघा पावणेदोनशे वर्षांचा आहे. आणि त्याखालची जी भातशेती आपणांस सहजसिद्ध वाटते, ती शतकानुशतकांच्या सामुदायिक श्रमांचे फळ आहे.

त्या श्रमांचे नाव ‘कूल्ह’. नदीच्या वरच्या अंगास धोंडे, झुडपे व माती यांचा ओबडधोबड बांध घालून पाणी वळवावयाचे, आणि डोंगराच्या कडेकडेने, उताराचा अचूक अंदाज घेत, ते मैलोगणती नेऊन गावोगावच्या खाचरांत सोडावयाचे, ही ती पद्धती होय. कांगड्यात अशा मोठ्या कूल्हा सातशेहून अधिक असून लहान तर कित्येक आहेत. काही कटोच राजवंशाच्या आश्रयाने झाल्या; भवारन्याकडे जाणारी एक लांब कूल्ह सतराव्या शतकाच्या अखेरीस राजघराण्यातील कृपालचंद याने बांधविली असे मानतात, व त्याचे नाव तिच्यामुळेच लोकांच्या तोंडी राहिले. पुष्कळशा मात्र गावकऱ्यांनी आपल्याच हातांनी खोदल्या. प्रत्येक कूल्हेचा एक ‘कोहली’ असतो. बांध फुटला की माणसे बोलवावयाची, कोणाच्या शेतास केव्हा पाणी द्यावयाचे ते ठरवावयाचे, चोरून पाणी घेणारास जाब विचारावयाचा व हंगामाच्या आरंभी जलदेवतेची पूजा करावयाची, ही त्याची कामे. त्याचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. या सर्व रूढ हक्कांची नोंद इंग्रज सरकारने ‘रिवाज-इ-आबपाशी’ या नावाच्या दप्तरात करून घेतली आणि १९१८ मध्ये ती पुन्हा तपासून लिहिली गेली.

महाराष्ट्रीय वाचकास यात अपरिचित असे काही वाटू नये. आपल्याकडे धुळे-नाशिक भागांत पांझरा, मोसम या नद्यांवर जी फड पद्धती आहे, तिच्यातील पाटकरी हा या कोहलीचा सख्खा भाऊच शोभेल. आणि भंडाऱ्याकडे तलाव बांधण्यात वाकबगार अशी जी जात आहे तिचे नाव ‘कोहळी’ असावे, हा तर मोठाच गमतीचा योगायोग होय. नामसादृश्यावरून वंशसंबंध जुळविण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरावयास हवा; तथापि दोन दूरच्या प्रदेशांतील शेतकऱ्यांनी पाण्याच्या बाबतीत एकच शहाणपण मिळविले होते, एवढे निःशंकपणे म्हणता येते. ते शहाणपण असे की, पाणी हे वरच्याचे नसते व खालच्याचेही नसते. ते पाळीचे असते.

आता या खोऱ्यात चहा कसा आला ते पाहू. चीनशी चालणाऱ्या चहाच्या व्यापारातील मक्तेदारी १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून गेली, आणि हिंदुस्थानातच चहा पिकविता येईल काय, हा प्रश्न तिला निकडीचा वाटू लागला. १८३४ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंक याने एक समिती नेमली. तिचा चिटणीस गॉर्डन हा चीनला जाऊन बिया घेऊन आला. त्यांची रोपे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात करण्यात येऊन ती आसाम, निलगिरी आणि कुमाऊँ-गढवाल येथे पाठविली गेली. पुढे १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश वनस्पतिज्ञ याच कामावर चीनमध्ये शिरला. परकीयांस अंतर्भागात मज्जाव असल्यामुळे त्याने डोके भादरून वेणी लावली, चिनी पोशाख केला, दूरच्या प्रांतातील गृहस्थ असल्याची बतावणी केली आणि वुई पर्वतातील चहाच्या खोऱ्यांपर्यंत मजल मारली. हिरवा व काळा चहा ही एकाच झाडाची दोन रूपे आहेत, हे त्याने पाश्चात्त्यांस निश्चितपणे दाखवून दिले. आणि १८५१ मध्ये हजारो रोपे, बिया व चहा तयार करण्यात निष्णात असे चिनी कारागीर घेऊन तो हिंदुस्थानात उतरला. ही सर्व सामग्री वायव्य हिमालयातील सरकारी मळ्यांस मिळाली. फॉर्च्यूनचा ग्रंथ आजही वाचनीय आहे. त्यातील निरीक्षण सूक्ष्म, भाषा प्रसन्न आणि यजमानांविषयी अनेक ठिकाणी कौतुकही आहे. परंतु ज्या गृहस्थांनी त्यास घरात घेतले, जेवू घातले, आपल्या मठातून निजावयास जागा दिली, त्यांस आपला पाहुणा कोण आहे व कशासाठी आला आहे हे ठाऊक नव्हते. आदरातिथ्याच्या व्यवहारात एका पक्षाने स्वतःची ओळखच चोरावी, ही गोष्ट भाषेच्या प्रसन्नतेने झाकली जात नाही.

कांगड्याचा मुलूख १८४६ मध्ये, पहिल्या शीख युद्धानंतर, इंग्रजांच्या ताब्यात आला. तीनच वर्षांनी, १८४९ मध्ये, सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक डॉ. विल्यम जेमसन याने अल्मोडा व डेहराडून येथील रोपवाटिकांतून चिनी जातीची रोपे आणून कांगडा, नगरोटा आणि भवारना येथे लावून पाहिली. कांगड्याची जागा सखल व उष्ण ठरली. इतर दोन ठिकाणी रोपे धरली. तेव्हा १८५२ च्या सुमारास पालमपूरजवळ होल्टा येथे सरकारने मोठा मळा घातला. प्रयोग साधला असे दिसताच युरोपीय मळेवाले जमिनींच्या शोधात खोऱ्यात येऊ लागले.

येथे जमिनीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण या लेखाचे मर्म त्यात आहे. मळेवाल्यांस जी जमीन हवी होती तिला इंग्रजी दप्तरात ‘वेस्ट’ म्हणजे पडीक म्हणत. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती पडीक नव्हती. तेथे गुरे चरत, तेथूनच जळण येई, छपरासाठी गवत येई. आणि हिवाळ्यात धौलाधार उतरून येणारे गद्दी धनगर आपल्या मेंढ्यांसह या खोऱ्यांतील मोकळ्या रानांतून जात. आपल्याकडे ज्यास गायरान म्हणतात तशीच ती होती. सुदैवाने बार्न्स नावाच्या अधिकाऱ्याने केलेल्या पहिल्या जमाबंदीत अशा रानावरील गावाचा हक्क मान्य झालेला होता. म्हणून मळेवाल्यांस ती सरकारकडून फुकट मिळू शकली नाही, गावकऱ्यांकडून विकत घ्यावी लागली. आसामात हजारो एकर रान नाममात्र दराने मळेवाल्यांच्या पदरात पडले आणि त्यावर राबण्यास दूरदूरच्या प्रांतांतून करारबद्ध मजुरांचे तांडे आणले गेले. त्या मजुरांच्या हालांची कहाणी हृदयद्रावक आहे. कांगड्यात मळे लहान राहिले, आणि खोऱ्याचे रूप समूळ बदलले नाही, याचे एक कारण त्या जमाबंदीच्या कागदात आहे. परंतु नव्या पाहुण्याची दृष्टी मात्र दोन्हीकडे एकच होती. त्यास जे समोर दिसे, ते कोणाचे आहे हा प्रश्न दुसरा. आपल्या काय उपयोगाचे आहे हा पहिला.

चहा मात्र उत्तम निपजला, हे कबूल केलेच पाहिजे. १८८६ मध्ये लंडन व ॲमस्टरडॅम येथील प्रदर्शनांत कांगड्याच्या चहाने पदके मिळविली. अमृतसरच्या पेठेतून तो काबूल व मध्य आशियाकडे जाऊ लागला. याच सुमारास, १८९० मध्ये, पुण्यास पंचहौद मिशनमधील चहापानाचे प्रकरण होऊन न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य आले, याची वाचकांस आठवण असेलच. एकीकडे एका प्याल्यासाठी प्रायश्चित्ताचा खल चालला होता, तर दुसरीकडे त्याच पेयासाठी एका खोऱ्याचा इतिहास पालटत होता. चहा कोणाच्या हातचा घेतला यावर आपण पुष्कळ वाद घातला. तो कोणाच्या हातांनी खुडला हा प्रश्न मात्र त्या वादात कोणी विचारल्याचे आढळत नाही.

१९०५ सालच्या एप्रिल महिन्याची ४ तारीख कांगड्याच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहिलेली आहे. त्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास झालेल्या भूकंपाने काही क्षणांत सुमारे वीस हजार माणसे बळी घेतली. जडशीळ पाट्यांची छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. कांगड्याचे वज्रेश्वरीचे देऊळ जमीनदोस्त झाले. बिनवा नदीच्या काठचे बैजनाथाचे देऊळ मात्र थोडीफार इजा सोसून उभे राहिले. परळीच्या वैजनाथाचे भक्त असलेल्या आपणां महाराष्ट्रीयांस हे देऊळ विशेष जिव्हाळ्याचे वाटावे, कारण वैद्यनाथ ज्योतिर्लिंग आमचेच, असा परळी व देवघर यांच्याप्रमाणे येथील भाविकांचाही दावा आहे. १२०४ मध्ये ते बांधणारे मन्युक व आहुक हे कोणी राजे नव्हते, व्यापारी बंधू होते. त्यांचे शिलालेख शारदा लिपीत अद्याप तेथे आहेत.

भूकंपात चहाचे कारखाने मोडले, यंत्रे गाडली गेली, मजूर मेले. बहुतेक युरोपीय मळेवाल्यांनी मळे मिळेल त्या किमतीस विकले व ते निघून गेले. त्यांस दोष देण्याचे कारण नाही; ज्याचे घर अन्यत्र आहे तो संकटात घरी जातो. पण त्याच दिवशी कूल्हांचे बांधही ठिकठिकाणी फुटले होते, आणि ज्यांची माणसे पाट्यांखाली मेली होती अशा गावकऱ्यांपुढे पुढच्या भाताचा हंगाम उभा होता. त्यांना जाण्यास जागा नव्हती. लाला लजपतराय आदी मंडळी मदतीस धावून आली, सरकारनेही काही साहाय्य केले. आणि कूल्हा पुन्हा वाहू लागल्या. मळेवाल्यांनी टाकलेले मळे स्थानिक लोकांच्या हाती आले व हळूहळू त्यांचे लहान लहान तुकडे होत गेले. कांगड्याचा चहा खऱ्या अर्थाने कांगड्याचा झाला तो या आपत्तीनंतर. पदके त्यास पुन्हा फारशी मिळाली नाहीत. फाळणीने व पुढे अफगाणिस्तानातील अशांततेने जुनी पेठही तुटत गेली. तथापि झुडपे जगली.

यानंतर जे दोन पाहुणे या खोऱ्यात आले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. नोरा रिचर्ड्स ही आयरिश नटी १९०८ मध्ये आपल्या प्राध्यापक पतीबरोबर लाहोरास आली. पंजाबी तरुणांनी परकीय नाटकांची नक्कल न करता आपल्या खेड्यांतील जीवनावर आपल्या भाषेत नाटके लिहावीत, असा ध्यास तिने घेतला. आणि आधुनिक पंजाबी रंगभूमीच्या उगमाशी तिचे नाव कायमचे निगडित झाले. पतिनिधनानंतर ती काही काळ स्वदेशी गेली, परंतु परत आली आणि पालमपूरपासून सात-आठ मैलांवरील अंद्रेटा या खेड्यात तिने वास्तव्य केले. तिचे घर शेजाऱ्यांच्या घरांसारखेच माती, बांबू आणि पाटीचा दगड यांचे होते. अंगणात ती नाटके बसवी; ती करणारे तिचे विद्यार्थी असत आणि पाहणारे आसपासचे गावकरी. १९४७ नंतर चित्रकार शोभासिंग तेथेच येऊन राहिले. १९७१ मध्ये नोराबाईंनी त्याच मातीत देह ठेवला.

दुसरी बाई म्हणजे दीदी कॉन्ट्रॅक्टर. अमेरिकेत जन्मलेली ही स्त्री एका गुजराती गृहस्थाशी विवाह करून हिंदुस्थानात आली. नाशिक व मुंबई येथे तिने संसार केला, म्हणून तिच्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो. पुढे ती कांगड्यात धर्मशाळेजवळील सिद्धबारी येथे गेली आणि तेथील गवंड्यांच्या हाताखाली, किंबहुना त्यांच्या बरोबरीने, मातीची घरे बांधू लागली. वास्तुशास्त्राची पदवी तिच्याजवळ नव्हती. सिमेंटचे घर म्हणजे प्रतिष्ठा आणि मातीचे घर म्हणजे दारिद्र्य, ही समजूत खोऱ्यात पसरत असतानाच तिने मातीच्या घरास प्रकाश, ऊब आणि देखणेपणा देऊन दाखविला. २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा नारीशक्ती पुरस्काराने गौरव झाला, आणि २०२१ मध्ये ती निवर्तली. या दोघींनी खोऱ्यातून काही नेले नाही असे नाही; त्यांनी तेथील शांतता घेतली, कीर्तीही मिळविली. पण जे घेतले ते यजमानांच्या देखत, त्यांच्याच रीतीने आणि फेड करीत घेतले.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. कांगड्यात चहाखाली म्हणून नोंदलेली जमीन सुमारे २,३०० हेक्टर आहे. परंतु त्यातील निम्म्याच्या आसपास क्षेत्र ओस पडलेले आहे. चहा न खुडता तसाच सोडला की झुडूप कमरेएवढे राहत नाही, माणसाच्या डोक्यावर जाते. तशी उंच, शेवाळलेली झाडे गावांच्या कडेला पुष्कळ दिसतात. बहुसंख्य उत्पादकांजवळ अर्धा हेक्टरसुद्धा जमीन नाही. दोन पाने व एक कळी हातांनी खुडावयाची, सात ते दहा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपाकडे यावयाचे, आणि सव्वाचार-साडेचार किलो ओला पाला दिल्यावर एक किलो चहा मिळावयाचा, असा हा व्यवहार. त्यास माणसे मिळत नाहीत. तरुण मंडळी शहरांकडे व सैन्यात जातात. २००५ मध्ये कांगडा चहास भौगोलिक निर्देशनाचा हक्क मिळाला, २०२३ मध्ये युरोपीय संघानेही तो मान्य केला. नाव सुरक्षित झाले. झुडपे अद्याप झाली नाहीत.

हिमाचलातील जमीन-कमाल-मर्यादेच्या १९७२ च्या कायद्याने चहाच्या मळ्यांस मर्यादेतून सूट दिली, ती मळे मळेच राहावेत या अटीवर. सरकारी परवानगीवाचून त्या जमिनीचा अन्य उपयोग करता येत नाही. पण जेथे मळा तोट्यात आहे आणि समोर बर्फाची रांग दिसते आहे, तेथे निवासगृहे बांधू द्यावीत अशी मागणी होणे स्वाभाविक आहे. तिच्या बाजूने जे सांगितले जाते ते अगदीच टाकाऊ नाही. प्रवासी आले तर चहास गिऱ्हाईक मिळेल, घरातील मुलास गावातच काम लाभेल, ओस पडलेली झुडपे पुन्हा छाटली जातील, असे म्हणतात. आणि ज्या कुटुंबास अर्ध्या हेक्टरावर निर्वाह करावयाचा आहे, त्यास दुरून येऊन ‘तुम्ही आहात तसेच राहा, आम्हांस पाहावयास बरे वाटते’ असे सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? गावाच्या गरिबीस सौंदर्य समजणे हेही एक प्रकारचे शोषणच होय.

तरीही या युक्तिवादात एक छिद्र आहे. प्रवासी चहाच्या मळ्यासाठी येतो. त्याच्या सोयीसाठी मळ्याचा एक तुकडा जातो. त्याच्या मागून दुसरा येतो आणि आणखी एक तुकडा जातो. शेवटी ज्यासाठी यावयाचे तेच उरत नाही, तेव्हा प्रवासी दुसरे खोरे शोधतो. १९०५ मध्ये मळेवाले गेले तसा तोही निघून जातो, आणि मागे राहतो तो गावकरी. शिवाय या डोंगरांची सहनशक्ती किती, याची चुणूक २०२३ च्या पावसाळ्यात मिळालेली आहे. त्या वर्षी हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी, पूर व दरडी यांत चारशेहून अधिक माणसे दगावली. पाऊस विलक्षण होता हे खरे. पण उतार उभे कापून केलेले रस्ते आणि नदीच्या पात्रालगत बांधलेल्या इमारती यांनी हानी वाढविली, हेही तितकेच खरे. नदीच्या पात्रातील जागा मोकळी दिसते म्हणून ती रिकामी असते असे नव्हे. ती नदीचीच असते; फक्त ती तेथे रोज येत नाही. एकोणिसाव्या शतकातील मळेवाल्यास गायरान पडीक दिसले, त्याच दृष्टीचा हा दुसरा अवतार आहे.

मग जाणाऱ्याने करावे तरी काय? जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून निघाले ते दक्षिणेच्या आशेने, म्हणजे उघड याचक म्हणून. आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आजही ताजा वाटतो, याचे एक कारण असे की, ज्या गावी उतरावयाचे तेथील माणसांवर आपण अवलंबून आहोत, ही जाणीव त्यास पानोपानी आहे. आज आपण पैसे टाकतो, त्यामुळे ती जाणीव नष्ट झाली. अवलंबित्व मात्र होते तसेच आहे. कांगड्याच्या गावात आपण जे पाणी पितो व ज्याने स्नान करतो, ते कोणाच्या तरी पाळीचे असते. म्हणून पाण्याचा जपून उपयोग करणे हा तेथे केवळ शिष्टाचार नाही, न्याय आहे. उतरावयाचे तर गावातील घरी उतरावे, म्हणजे ज्याची जमीन त्याच्याच हाती पैसा पडेल, आणि मळ्याचा तुकडा न मोडता त्याचे घर चालेल. चहा घ्यावयाचा तो तेथील लहान उत्पादकाकडून किंवा सहकारी कारखान्यातून घ्यावा. आणि घरी परतल्यावरही तोच मागवावा, कारण चार दिवसांच्या भेटीपेक्षा बारा महिन्यांचे गिऱ्हाईक मळ्यास अधिक उपयोगी पडते. एप्रिलमधील पहिली खुडणी पाहावयाची असल्यास बांधावरून पाहावी; झुडपांच्या ओळींत शिरून कोवळे शेंडे मोडू नयेत. खुडणाऱ्या स्त्रिया कामावर असतात, देखाव्यात नसतात; त्यांचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये, आणि मजुरी विचारावयाची झाल्यास ती लेखासाठी नव्हे, तर आपण देत असलेली किंमत रास्त आहे की नाही हे कळण्यासाठी विचारावी. नदीकाठी बांधलेल्या प्रशस्त निवासगृहाचा मोह आवरावा. आणि हे सर्व करण्यापूर्वी, आपण कोण, कोठून आलो, कशासाठी आलो, हे यजमानास सरळ सांगावे. वेणी लावून जाण्याचे दिवस गेले असले, तरी गिऱ्हाइकाचा मुखवटा हीही एक वेणीच आहे. पैसे देणारा म्हणून वावरले की माणूस म्हणून ओळख देण्याची गरज उरत नाही.

हे नियम क्षुल्लक वाटतील, पण त्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे व ते कांगड्याने फार पूर्वी शोधून काढलेले आहे. कूल्हेवर ज्याचे शेत वरच्या अंगास असते त्यास पाणी आधी मिळते. म्हणूनच त्याच्यावर बंधन अधिक असते. त्याने आपले खाचर भरून घ्यावे व पाणी खाली सोडावे. आज सुखवस्तू प्रवासी हा सर्वार्थाने वरच्या अंगाचा शेतकरी आहे. पैसा, वेळ, वाहन, परत जाण्यास घर, हे सर्व त्यास आहे. त्याच्यानंतर त्याच वाटेने येणारे दुसरे प्रवासी आहेत, तेथेच राहणारी माणसे आहेत, आणि अजून न जन्मलेली त्यांची मुले आहेत. त्या सर्वांच्या वाट्याचे पाणी आपण आपल्याच खाचरात अडविले काय, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने परतीच्या वाटेवर स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर प्रवासवर्णनात लिहिण्याची गरज नाही. दहा वर्षांनी ते खोरेच देईल.